मामाची तांबडी मोटार अन् पाच तांबे पाणी

विलायती मोटारीचा शौक म्हणता व्हय? मग आमच्या नळदुर्गच्या मामाचं ऐका. मामा सोसायटीचे चेअरमन. त्यांनी हैदराबादच्या एका नवाबाकडनं दोन शिटांची तांबडी मोटार आणली. पळायची लई, पण दर दहा मैलाला तांब्याभर पाणी मागायची. अन् साल दुष्काळाचं!

एकदा मामीला घेऊन येरमाळ्याच्या देवीला गेले. घागर मामीच्या मांडीवर. परतताना घागर संपली, इंजनातनं वाफ निघाली. मामा जवळच्या वस्तीवर गेले. पहिल्या घरातली म्हातारी म्हणाली, "मोटारीला थेंब मिळायचा न्हाय. तुमाला तहान असंल तर प्या, माणसाला कोण न्हाय म्हणतं?" अन् तांब्या रिकामा होईस्तोवर समोर उभी राहिली. पाच घरं फिरले, सगळीकडं तेच. पाची तांबे मामाच्या पोटात, मोटार कोरडीच.

मामा माघारी आले, बॉनेट उघडलं, इकडंतिकडं बघितलं अन् मामीला म्हणाले, "तू जरा देवीकडं तोंड करून हात जोड."

मोटार थेट घरी आली. पाणी कुठं गावलं, असं आमी विचारलं की मामी म्हणायच्या, "मला काय म्हाईत? म्या देवीकडं बघत व्हते."