सकाळी उठल्यापासून सांगा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमच्या गल्लीतल्या बाप-लेकांना एकाच छडीनं पाढे शिकवणारे माननीय आकाराम सर. प्रमुख पाहुण्या, आपल्या भागाच्या नगरसेविका क्रांतीताई. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते डॉक्टर उदयसिंह आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब. समोर दाटीवाटीनं बसलेल्या राजारामपुरीतल्या आया-बहिणींनो आणि बंधूंनो. आणि दाराशी उभं राहून चहाची वाट बघणाऱ्या माझ्या दोस्तांनो, सगळ्यांना या रुद्रय्याचा शरणार्थ नमस्कार.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून सरकी-पेंडीचं दुकान आहे, ते माझं, आणि त्याच्या मागंच घर. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं जे काही शिकलो, ते पेंडीच्या पोत्यावर बसून रद्दीचे कागद वाचत. त्यामुळं माझं बोलणं हे असं, कागद फाटेल तिथं थांबणारं. सांभाळून घ्या.

डॉक्टर परवा दवाखाना बंद करून लेकीकडं नाशिकला चाललेत. सत्कार नको म्हणून ते महिनाभर हटून बसले होते. सरांनी शेवटी दम भरला, "सत्कार तुमचा नाही हो, रडणं आमचं आहे. तुम्ही नुसतं बसायला या." तेव्हा कुठं आले. बघा, अजून मान खालीच आहे.

आता डॉक्टरांची एक खोड तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. बोट कापून घेऊन जा, नाहीतर दाढ धरून जा, त्यांचा पहिला सवाल ठरलेला, "सकाळी उठल्यापासून सांगा." आमचा कोडोलीचा ज्ञानू एकदा पाठदुखीची गोळी मागायला आला. भिंतीपलीकडून मी ऐकत होतो.

"उठलो. म्हस पिळली. वैरण टाकली. यष्टी धरली. आलो."

"आणि पोटात काय टाकलंत?"

"तंबाखू."

"अजून?"

"अजून म्हंजे, अजून जरा तंबाखू."

डॉक्टरांनी त्याला गोळी दिली नाही. आधी कंपाउंडर कृष्णातला माझ्या दुकानासमोरच्या गाड्यावर पिटाळलं, दोन पाव आणून ज्ञानूला समोर बसवून खायला लावलं, मग गोळी. बाहेर पडताना ज्ञानू मला म्हणाला, "रुद्रय्या, ह्यो दवाखाना हाय का खानावळ?"

हसताय ना? हसा. मीही हसलो होतो. पण ही खोड डॉक्टरांना जन्मापासून नव्हती. ती कुठून आली हे या सभागृहात दोघांनाच माहीत आहे. एक ते, एक मी. आज ते चाललेत, म्हणून सांगतो.

माझी बायको शांतव्वा. माहेर सीमेवरचं, बोलणं अर्धं कानडी, अर्धं कोल्हापुरी, आणि दोन्हीत आवाज एकच, वरचा. डॉक्टर तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. तिच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्याशिवाय दुपारचा दवाखाना उघडत नव्हता. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा, हा तिचा नेम. लग्न होऊन आली तेव्हापासून एक दिवस चुकला नाही.

पुढं तिचे गुडघे धरले. मी म्हटलं, खुर्चीवर बसून पूजा कर. चार दिवस बसली. पाचव्या दिवशी म्हणाली, "देवाम्होरं पाय सोडून बसायला मी काय मामलेदारीण हाय व्हय?" आणि परत पाटावर. डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्या लिहून दिल्या. बजावलं, "अव्वा, जेवणानंतरच घ्यायची." अव्वा म्हणाली, "व्हय."

आता तिचं गणित बघा. मांडी घालायची पूजेला. पूजा जेवणाआधी. मग गोळी जेवणानंतर घेऊन उपयोग काय? सुनेनं, विद्याश्रीनं एकदा हटकलं, तर तिलाच फटकारलं, "जेवल्यावर घिऊन काय गुडघ्यानं ताट घासायचं?" गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, तेव्हा नेमही मोडत नाही. पहाटे उठून ती घोटभर पाण्यासंगं गोळी घ्यायची, गुडघे सैल पडायची वाट बघायची आणि पाटावर बसायची.

काही महिन्यांत पोटात दुखायला लागलं. बेंबीच्या वर, बरगड्या मिळतात त्याच्या खाली. आग पडल्यासारखं. आणि मंडळी, दैव कसं खेळतं बघा. शिवदोऱ्यातलं लिंग गळ्यातून खाली येऊन जिथं टेकतं, तीच ती जागा. तिनं ते जिवाला लावून घेतलं. चार दिवस खुर्चीवर बसली त्याचा कोप झाला, लिंगानंच तिथं बोट ठेवलंय, असं तिच्या मनानं घेतलं. मग काय, पूजा वाढवली. पूजा लांबली तशी भाकरी लांबली. पोटात गोळी एकटीच. जेवढी आग जास्त, तेवढी पूजा जास्त. जेवढी पूजा जास्त, तेवढी आग जास्त. बैल जसा घाण्याला फिरतो तशी ती फिरत राहिली, आणि आम्ही सगळे बाजूला उभे राहून तिच्या भक्तीचं कौतुक करत होतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही का? विचारलं की! दर खेपेला विचारलं, "अव्वा, जेवून घेता ना गोळी?" आणि दर खेपेला उत्तर, "व्हय." लेकासारखा माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? डॉक्टरांनी पोट शांत करायचं पांढरं औषध दिलं. चार दिवस बरं वाटायचं. बरं वाटलं की ती परत गोळी, परत पाट.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात, पूजा चालू असतानाच तिला उलटी झाली. काळपट रक्ताची. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, गुडघ्याच्या गोळीनं जठर आतून सोललंय, जखम फुटलीय. डॉक्टर उदयसिंह तिच्या उशाशी बसून होते. तिथं पहिल्यांदा त्यांनी तो सवाल वेगळ्या तऱ्हेनं विचारला, "अव्वा, सकाळी उठल्यापासून सांगा, काय काय करता?" आणि तिनं सगळं सांगितलं, पहाटेच्या गोळीपासून. लपवायचं तिला कधीच नव्हतं. तसं कुणी विचारलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ती गेली. जाताना मला म्हणाली, "डॉक्टरला कुनी बोलू नगा. 'व्हय' माझ्याच तोंडातनं आलतं." मी तिथल्या तिथं डॉक्टरांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटवून घेतलं नाही.

नंतर मठातले अय्या, आमचे गुरू, भेटायला आले. सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, मला विचारायचं होतं. दोन घास खाऊन पूजा कर, असं मी सांगितलं असतं. आजारी माणसानं उपाशी राहावं असं लिंग कधी म्हणतं का?" बघा आता. अय्यांकडं एक वाक्य होतं, सुनेकडं एक होतं, डॉक्टरांकडं एक होतं. तिन्ही वाक्यं राजारामपुरीतच होती. एका ठिकाणी आली असती तर माझी शांतव्वा आज पुढच्या रांगेत बसून मला म्हणाली असती, "आटपा आता, किती बोलताय."

तेव्हापासून डॉक्टर प्रत्येकाला सकाळपासूनचं विचारतात. किती पोटं वाचली असतील, त्याचा हिशेब वरच्याकडं. पण तेव्हापासून त्यांनी माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. भिंतीला भिंत आहे, रोज रामराम आहे, पण उंबरा ओलांडला नाही. सण झाले, नातवाचं बारसं झालं. दरवेळी, "येतो अण्णा." तेही तसंच 'व्हय'. अव्वाची भाकरी खायला आपल्याला तोंड नाही, असं त्यांच्या मनानं घेतलंय. आता सांगा, सर, ती पोटाची आग गेली म्हणायची, का नुसती एका घरातून भिंतीपलीकडं गेली?

डॉक्टर, जरा वर बघा. आज सवाल मी विचारतो. सकाळी उठल्यापासून सांगा, काय खाल्लंत?

राहू द्या. वहिनींनी मघाशीच सांगितलंय. नुसता चहा, तोही अर्धा.

उद्या सकाळी आमच्याकडं पाट मांडतोय. विद्याश्री भाकरी करणार आहे, चटणीला तिच्या सासूच्याच हाताची चव आहे. मी आधी तुमच्याबरोबर दोन घास खाणार आणि मग पूजेला बसणार, अय्यांना विचारून ठेवलंय. तुम्ही दुखणाऱ्याला जेवणाआधी गोळी देत नाही. आम्हीही तुम्हाला जेवणाआधी निरोप देणार नाही.

फक्त आता मान हलवून 'व्हय' म्हणू नका. आमच्या घरात नुसत्या 'व्हय'वर विश्वास ठेवायचं आम्ही सोडलंय. या, बसा आणि जेवा.

अध्यक्षांनी या पेंडवाल्याला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी कान दिलेत, त्याबद्दल हात जोडतो. आनंदाच्या जागी घरचं दुखणं काढून बसलो, कुणाला जिव्हारी लागलं असेल, मोठ्यांचा मान राखण्यात उणं पडलं असेल, तर पोटात घाला. चहा आलाय. पण आधी बिस्किट खा, मग चहा.