दादाचा क्रूस

हसलात तरी चालेल, पण दादाला जाऊन महिना झाला तरी त्याच्या कबरीवर नुसते जांभ्याचे दगड होते. क्रूस नव्हता, आणि आम्ही तर सुतार! आई रोज म्हणायची, “शमू, कबर बोडकी आहे रे.” फणसाची फळी पडवीत तयार होती. पण करवत दादाची, ती हातात धरवत नव्हती. मग मी पाळकबाबांकडे जायचो.

“बाबा, प्रार्थना करा. देवानं बळ दिलं की लगेच कामाला लागतो.”

ते गुडघे टेकायचे, मीही टेकायचो. मग घरी येऊन झोपायचो. आठवडाभर असं चाललं. मला बरं वाटत होतं, कारण आता उशीर माझ्याकडून नव्हता, देवाकडून होता.

सोमवारी पडवीत खरखर ऐकू आली. बघतो तर पाळकबाबा धोतर खोचून दादाची करवत चालवतायत. रेघ एकीकडे, करवत भलतीकडे.

“अहो, हे काय?”

“क्रूस. तुला बळ येईपर्यंत म्हटलं आपण हात चालवू.”

“एक हात आखूड, एक लांब! असला क्रूस बघून दादा उठून बसेल!”

“बसू दे. तू तरी कुठे उठतोयस?”

मी करवत हिसकावली. उरलेल्या फळीतून दुपारपर्यंत क्रूस उभा केला. आई त्याला धरून रडली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मीही.

“बाबा, देवानं बळ दिलं,” मी म्हटलं.

“बळ आठवडाभर मागितलं, ते काही आलं नाही,” तळहातावरच्या फोडावर फुंकर घालत ते म्हणाले. “म्हणून आज तुझ्यासाठी राग मागितला.”