आधी पाहुणीचं ताट

…नाही नाही, मला पोहे नका देऊ, चहापण नको, हात जोडते तुमच्यासमोर. एवढ्यात मी इतकं खाऊन राहिली आहे की घरी फोडणीचा वास आला तरी मी अंगणात जाऊन बसते. तुम्ही म्हणाल, चेतनाबाई, तुम्ही तर कुपोषणाच्या अभ्यासावर आहात ना? तेच तर सांगते तुम्हाला. त्या अभ्यासातच माझी ही गत झाली बाप्पा.

काम काय, तर साधं. देवरीकडच्या एका गावात जायचं, गरोदर बाई जेवायला बसली की तिच्या ताटात काय पडलं ते काट्यावर मोजायचं, उरलं तर तेही मोजायचं. पुण्याचे आमचे मोठे सर म्हणाले, "तुम्ही फक्त बघायचं हं, मध्ये काही बोलायचं नाही. तुम्ही तिथे नाहीच, असं समजायचं." मी तिथे नाहीच! आता आमच्या गोंदिया जिल्ह्यात ऐन जेवायच्या वेळेला दारात माणूस उभा आहे आणि तो नाहीच, असं कोणाच्या घरी चालते, सांगा.

पहिलंच घर मनोहरलालजींचं. सून योगेश्वरी, सातवा महिना, अंगात रक्त नाही, भिंत धरून चालायची. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना दम दिला होता, अशीच राहिली तर बाळंतपणात पोरीचं काही खरं नाही, रोज अंडं खाऊ घाला. नवरा लोकेंद्र, बिचारा अंडी आणून देते. मी काटा मांडून बसली चुलीपाशी, तर सासू, मुन्नीबाई, माझ्यासमोरच पाट ठेवून राहिली. म्हटलं, मावशी, मी नाही, योगेश्वरी जेवल. "हो ना बाई, जेवल ना. पयले पाहुनी, मंग गडीमानसं, मंग मी, मंग थे सून." आणि माझ्या ताटात काय? भात, वरण, आणि अंड्याचा रस्सा. अंडं कोणाचं? योगेश्वरीचं.

मी नको म्हटलं. तर बाहेर छपरीत बसलेले सासरे मनोहरलालजी, "क्यों मॅडम? हमारे घरका चलता नहीं क्या?" झालं. मी जेवेना म्हणून घरात कोणीच जेवेना, आणि पोरगी दाराशी कमरेवर हात ठेवून उपाशी उभी. तर खाल्लं मी ते अंडं. मग सगळ्यांचं झाल्यावर तिच्या ताटात पडला तळाचा भात आणि नुसता रस्सा, आणि तो मी काट्यावर मोजला. आता सांगा, मी अभ्यास करू का जेवू?

दुसऱ्या खेपेला डोकं चालवलं, म्हटलं माझा उपास आहे. "असं का? मंग फराळ करा." आणि सुनेसाठी ठेवलेलं दूध आलं की माझ्यापुढं, वर केळं. मग एकदा उशिरा गेली, तर सारं घर खोळंबलेलं, "मॅडम येनार हायेत म्हनून थांबलो." घरून जेवून गेली, तर मुन्नीबाईचं तोंड फुगलं, "कायले बाई, आमच्या हातचं गोड नाही लागत का?" सरांना फोन केला. सर म्हणतात, "अहो, नम्रपणे नकार द्यायचा." म्हटलं सर, तुम्ही एकदा या आणि मुन्नीबाईला नम्रपणे नकार देऊन दाखवा. सर म्हणतात, मीटिंग आहे. आता सांगा, मी अभ्यास करू का जेवू?

आणि हसण्यावारी नेते मी, पण मनातून चीड येत होती. पोरीचे डोळे पांढरेफटक, आणि मी ढेकर देत देत तिच्या ताटाचं वजन घेऊन राहिली… एक दिवस पाटावर बसली आणि म्हटलं, मावशी, मी एकटी नाही जेवत. पाहुणीला कोणी एकटं जेवू घालते का? मुन्नीबाई म्हणे, "मी बसतो ना संग." म्हटलं, तुम्ही बसल्या तर वाढल कोण? हिला तर पातेलं उचलत नाही. म्हातारीनं छपरीकडे पाहिलं. मग चांगल्या मोठ्या आवाजात, मनोहरलालजींना ऐकू जाईल असं, "योगेश्वरी, बस व पाहुनीच्या संग. पाहुनीले एकटं नाही जेवू देत." दुसरा पाट आला, दुसरं अंडं आलं. पाहुणीच्या मानाचा सवाल, छपरीतून बोलल कोण? पोरगी गरम भात खाऊन राहिली आणि मला रडूच आलं. म्हटलं, मिरची लागली.

मग काय, जात राहिली, जेवत राहिली. योगेश्वरी भिंत सोडून चालायला लागली आणि माझे सारे ब्लाउज उसवावे लागले. मला वाटलं, सरांना आनंद होईल, तर सर म्हणतात, "अहो, तुमच्यामुळे आकडे बिघडले, ते घर अभ्यासातून वगळा." वगळलं. मी म्हटलं, सुटली एकदाची.

आज सकाळी मुन्नीबाईचा फोन. दबक्या आवाजात, म्हातारा जवळच असल. "बाई, काऊन येत नाही तुमी? पोरगी पुन्हा आखरीले जेवून राहिली. नववा लागला तिले. मले घरात बोलता नाही येत, मी बी सारी उमर तशीच जेवली… अभ्यास नसल त नसल, पाहुनी म्हनून या."

आता याला काय म्हणू? निघाली. काम नाही, भत्ता नाही, भूक तर नाहीच नाही, आणि जेवायला जाऊन राहिली.