बिनपावनीचा बिराप्पा

—न्हाई, डबी उघडू नगंस. ऱ्हाऊ दे तशीच, उसाच्या पाल्यात गुंडाळलेली. मी काय आतल्या पावनीला भ्यात न्हाई, पन मेंढरं बुजत्यात. बस, घोंगड्यावर बस. कडेगावास्नं हितवर गाडी दामटत आलास, जयराज, आधी पानी पी. सिद्धू माझा जुना सोबती, त्येचा भाचा म्हंजे माझाबी भाचाच की. पन तू समजूत घालाय आलायस न्हवं— अख्ख्या म्हसवडात बिराप्पा म्हातारा एकटाच बिनपावनीचा ऱ्हायलाय म्हनून? व्हय, ऱ्हायलोय. आन ऱ्हानार.

आरं, मला ठावं हाय ती काय करती. कानामागं बसती गोचिडीगत, तुझ्या बसलीय तशी, दुखत न्हाई, खाजत न्हाई. एका पावनीनं ऐकलं की समद्या पावन्यांस्नी कळतं— हितं माळावर कुनी शिंकलं तर तिकडं वाईच्या घाटावरला मानूस म्हननार, बिराप्पाला सर्दी झाली. तार न्हाई, टावर न्हाई. लय सोय, कबूल. चारा कुठं हाय, पाऊस कुठवर आलाय, समदं आपसूक डोस्क्यात. पन मग अवंदा सिद्धनाथाचा रथ बघितलास न्हवं तू? गुलाल उधळला, तर समद्यांचं हात एकदम वर, एकदम खाली. ढकलाढकली न्हाई, कुनाच्या पायावर कुनाचा पाय न्हाई, एक शिवी न्हाई. एवढी मानसं, आन मला माझ्याच पायतानाचा आवाज ऐकू येत हुता. तुला ग्वाड वाटलं आसंल. मला तर हुडहुडी भरली गड्या. हात ज्येचा त्येचा, आन उचलत कोन हुतं?

काय म्हनालास— रंगूचा आवाज? हां. आता आलास मुद्द्यावर. मामानं सांगितलं वाटतं. व्हय, हाय माझ्या कारभारनीचा आवाज पावन्यांजवळ. दवाखान्यात शेवटा-शेवटाला पावनी लावली हुती तिला, दुखनं कळू नये म्हनून. ती गेली, आवाज तेवढा त्येंच्यात ऱ्हायला. आन मी जायचो सिद्धूकडं, त्येबी खरं. दिस मावळताना जायचो, तंबाखूचं निमित्त करून. मग सिद्धूच्या तोंडनं ती इचारायची, आवं, जेवलाव का? तसाच हेल, तसंच शेवटाला जरा वर वढून. मी म्हनायचो, जेवलो. जेवलेला नसायचो. बसायचो उगंच तिथं, सिद्धूकडं न बघता... ह्ये तुला सांगायचं न्हवतं मला. जाऊ दे.

पन पुढचं ऐक. परवा मी तिला म्हनलं, रंगू, ती काळी मेंढी इकून टाकू का? मेंढीची आय मेल्यावर रंगूनंच बोळ्यानं दूध पाजून वाढवलीय ती. मी आपलं सहज इचारलं, बघावं म्हनून. तर म्हनली, तुमचं बरोबर हाय. बरोबर हाय! आरं, जलमभर त्या बाईनं मला बरोबर म्हनलं न्हाई. मी म्हनावं पाऊस येतोय, तर तिनं म्हनावं वारं सुटलंय. गाडीवर घालून दवाखान्यात न्हेताना कन्हत हुती, तरी म्हनत हुती, रस्ता चुकलाय तुमचा. तवा परवा तंबाखूची पिशवी तिथंच टाकून मी उठलो. परत गेलो न्हाई.

तुझं डोळं का रं असं थिजलं? जयराज?

...आली व्हय. तुझ्या तोंडनं आली. आवं म्हनली.

बरं. आलीस तर ऐक, रंगू. तू खरंच तू असशील, तर एकदा म्हन— तुमचं चुकतंय म्हन.

...म्हनली. ऐकलंस न्हवं, जयराज? तुझ्याच तोंडनं म्हनली. मी सांगितलं, आन तिनं म्हनलं. माझ्या रंगूनं माझं सांगितलेलं कवा ऐकलं हुतं?

ऊठ आता. डबी घे. ती काळी बघ, कळप सोडून एकटीच वड्याकडं निघालीय, हाळी दिली तरी वळायची न्हाई. कुनाचं ऐकत न्हाई ती. तिला जाऊ दे. तू ऊठ, माझं घोंगडं मोकळं कर.