फोन कोणी ठेवला?

— चपला नंतर काढ. आधी सांग, नोकरी आहे की गेली?

— आई, आत तर येऊ दे.

— सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा. परवा तू त्या शिव्या देणाऱ्याचा फोन मध्येच ठेवलास, त्याची नोटीस आली आणि आज तुला मोठ्या साहेबापुढे उभं केलं. एवढी मोठी फायनान्स कंपनी, आणि नियम काय, तर ग्राहकाने काहीही बोलावं, फोन तुम्ही ठेवायचा नाही. काय म्हणाला साहेब?

— ते नंतर. आधी मीच म्हटलं, सर, एक तास माझ्या खुर्चीत बसून फोन घ्या.

— तोंडावर?

— तोंडावर. मागे आमची अख्खी रांग उभी राहिली, हेडफोन गळ्यात टाकून.

— आणि तो तुमचा सुपरवायझर? घड्याळ म्हणता तो? बाथरूमला गेलात तरी मिनिटं मोजतो.

— आज मिनिटं मोजायला विसरला.

— मग बसला साहेब?

— ऐटीत. म्हणाले, गोड बोललं की माणूस विरघळतो, बघाच तुम्ही.

— बंद केबिनमध्ये बसून असलं बरं सुचतं.

— पहिले दोन फोन साधे होते. तिसऱ्याने थेट त्यांच्या आईवरूनच सुरुवात केली. साहेब आपले ‘क्षमस्व, क्षमस्व’ करतायत. आमच्या टेबलावर आरसा असतो ना, चेहरा हसरा ठेवायला दिलेला? त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं.

— कसं होतं?

— रडवेलं, आणि तरी हसायला बघत होतं. माझं रोजचं तोंड होतं ते. मलाच बघवेना.

— मग?

— फोन ठेवला.

— तू?

— साहेबांनी. खाडकन.

— काय सांगतेस!

— कोणी हसलं नाही. मी हळूच विचारलं, सर, आता तुम्हाला नोटीस कोण देणार?

— पोरी, छाती फुगली माझी.

— दुपारी सगळ्या मजल्यांना नवा नियम आला. शिवी दिली तर एकदा समज द्यायची, पुन्हा दिली तर फोन ठेवायचा. माझी नोटीस त्यांनी स्वतः फाडली.

— बस इथे. मला रडू येतंय, येऊ दे. मग ठेवलास का कोणाचा?

— निघायच्या आधी एक जण शिवीनेच सुरू झाला. मी म्हटलं, पुन्हा असं बोललात तर मी फोन ठेवीन. सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

— ठेवलास?

— नाही. तो म्हणाला, चुकलं, ताई. माझं कार्ड चालत नाहीये हो.

— आणि तू?

— दिलं चालू करून. मग आरसा खणात टाकायला उचलला, तर मी हसत होते.