चमचाभर विरजण

(बल्गेरियातलं डोंगराळ गाव. चुलीपाशी म्हातारी वेल्का, टेबलाशी तिचा मुलगा रुमेन.)

वेल्का : चाटूनपुसून खाल्लंस? अरे, पन्नाशी उलटली तुझी. विरजणापुरतं ठेवावं, एवढी अक्कलही जर्मनीत विकून आलास?

रुमेन : दहीच तर होतं, आई. दुकानातून आणतो.

वेल्का : दुकानातलं दोनदा लावलं की पाणी सोडतं. हे झिव्काचं होतं. तुझी बायको माहेरहून बरणीत घेऊन आली होती ते. आधी चमचाभर बाजूला काढायची, मग आम्हाला वाढायची. ती गेली तरी मी तेच लावत होते.

रुमेन : मला काय माहीत...

वेल्का : तुला कशाला माहीत असेल? बरं, उद्या तिला जाऊन चाळीस दिवस होतील. फाटकावर चिकटवायचा तिच्या आठवणीचा कागद लिहिलास? वाच.

रुमेन : 'आमची झिव्का. तिनं हे घर चालवलं.'

वेल्का : चालवलं ते तू. ट्रक हाकलास, पैसे धाडलेस, घर चाललं. नाही कोण म्हणतंय?

रुमेन : मग 'आधार दिला'?

वेल्का : आधार वेलाला काठीचा. काठी वाळकी असते रे.

रुमेन : 'सांभाळलं'?

वेल्का : सांभाळतात ते लोकांचं. शेजारणीच्या कोंबड्या सांभाळतात.

रुमेन : आई, छापखाना बंद होईल! तूच सांग.

वेल्का : मला सहीपुरतं येतं, मी काय सांगू? पण कंबर मोडून पडले होते, तेव्हा मी चमचा थुंकून द्यायचे, शिव्या द्यायचे. ती पुसायची आणि पुन्हा भरवायची. 'जगवलं' लिही.

रुमेन : 'तिनं हे घर जगवलं.' ...आई, भूक नव्हती मला. पहिल्या घासाला तिच्या हातची चव लागली. मग थांबताच येईना.

वेल्का : पाहिलं मी खिडकीतून. भांड्यात तोंड घालून रडत होतास.

रुमेन : शेजारच्या पेन्कामावशीकडे असेल ना तिचं विरजण? झिव्का सगळ्यांना द्यायची.

वेल्का : पेन्का लेकीकडे गेली, दाराला कुलूप घालून. वरच्या आळीत दोन म्हातारे उरलेत, ते पावावर जगतात. गावात आता दही लावतंय कोण?

रुमेन : म्हणजे... संपलं?

वेल्का : जा, छापून आण. उद्या तुझ्याच हातानं चिकटव. तू वाईट नाहीस, रुमेन. घर चालवलंस तू. पण चमचाभर मागे ठेवायला घरी असावं लागतं.