सुमनचा गुन्हेगार नव्या कायद्यात बसत नाई

माय-बहिनीहो, बाप्पाहो,

माह्या बहिनीसाठी तुमी सारे विहारासमोर जमले. मले भाषन येत नाई. बोलाले उभा राह्यलो त नुसता रागच वर येते. आज तोच आयका.

मी सुमनचा मोठा भाऊ, मानोऱ्याहून आलो. सुमन या गावची सून, वामनची बायको. फोनवर माह्याशी बोलता बोलता वामनले दम भरे, "थांब ना जरा, दादाशी बोलून राह्यली ना मी!" असा तिचा आवाज. साऱ्या गल्लीले आयकू जाये.

त्या सकाळी सुमन अन् शेजारची कांता मूग तोडाले निघाल्या. नेहमीचाच धुरा, वावराचा बांध. सुमन पुढं, कांता मांगं. वावराच्या मालकानं रानडुकरासाठी धुऱ्यावर तार बांधली होती, तारेत करंट सोडला होता. उजाडलं तरी बंद केला नाई. सुमनचा पाय लागला. कांताच्या डोळ्यादेखत गेली.

पोलीस येईपर्यंत तार गायब! मालक म्हने, "माह्या वावरात तार नव्हतीच. बाईले चक्कर आली असन." डॉक्टरनं करंट लिहिला, तवा कुठी निष्काळजीपनाचा गुन्हा लागला. अटक झाली, अन् संध्याकाळी मालक जामिनावर घरी. घरी, बाप्पाहो! चहा पिऊन राह्यला होता ओट्यावर.

मंग पुढारी भेटाले आले. म्हने, "दादा, नवीन कायदा येऊन राह्यला. कुंपनात करंट सोडून मानूस मेला त जामीन नाई, शिक्षाही मोठी. विधेयक तयार हाय."

मी म्हटलं, "साहेब, सुमनले लागू होईन का?"

"नाई. कायदा झाल्यावर जो गुन्हा होईन, त्याले लागन."

"मंग कायदा कधी होईन?"

"पुढच्या अधिवेशनात पाहू."

पाहू? तारा आजही वावरावावरात हायत. अजून कोनाची बहीन जायची वाट पाहून राह्यले तुमी?

आना कायदा! उद्याच आना. पन शिक्षा केवढीही ठेवा, तार पाह्यली असं कोनी सांगतच नसन त जज काय करन? ती तार या गावात कोनीच पाह्यली नव्हती? कोनीच?

कांतानं सांगितलं. ठान्यात जाऊन जबाब देला. तवापासून तिले एकाही वावरात काम नाई. अन् इथंच बसलेल्या काई जनायनं तिले म्हटलं, "जाऊ दे बाई, सुमन वापस येते का?" नाई येत! मले माहीत नाई का? पन कांता त हाय ना जिती. समोर बसली हाय. तिच्या बाजूची जागा रिकामी काहून हाय? कोनी बसत काहून नाई?

वामन, तू कायले उठला? … हो. बस. तिच्याच बाजूले बस, बाप्पा.

उद्या सकाळी मी, कांता अन् वामन, आमी तिघं ठान्यात जाऊन राह्यलो. ज्यानं तार पाह्यली, त्यानं जबाब द्याले सोबत यावं. आता उभे राहू. सुमनसाठी घडीभर कोनी बोलू नका. मान मात्र खाली घालू नका.

सुमन, बाई माही, जय भीम.